लोखंडी मचाण

दहावीला इंग्रजीत नापास होऊन मी घरी बसले, त्या वर्षाची ही हकीकत. घरी बसले असं म्हणायची रीत आहे; बसायला कुणाला मिळत होतं? तळेघरच्या स्टँडपासून पाऊण तासाच्या पायवाटेवर आमची वाडी, सगळी मिळून बारा घरं. पहाटे आई नाचणी दळायला जात्यावर बसायची आणि त्या घरघरीतच मला जाग यायची. मग झऱ्याचं पाणी, गोठा, लाकडं, आणि उन्हाळा लागला की हिरडा. हिरडा झाडावर चढून झोडायचा, खाली वेचायचा, अंगणात वाळवायचा. झाडावर चढण्यात आमच्या वाडीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. परकर खोचला की मी शेंड्याला. आज माझ्या अंगणवाडीच्या दोन पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरतात, तेव्हा माझं मलाच हे खरं वाटत नाही.

आमचे वडील, म्हणजे आबा, बुटके, काटकुळे आणि कमी बोलणारे. पण त्यांना जमीन वाचता यायची. ओल्या मातीतल्या एका खुरावरून ते सांगायचे, भेकर होतं की सशाएवढं पिसोरी हरीण, नर होता की मादी, सकाळी गेलं की काल संध्याकाळी. दिवस मावळायच्या सुमाराला रानातून भेकराचा आवाज यायचा. ज्यानं कधी ऐकला नाही त्याला वाटेल कुत्रं भुंकतंय. पण कुत्रं सलग भुंकतं, आणि भेकर एक भुंक टाकून दम खातं, मग दुसरी टाकतं. आबा ओट्यावर तंबाखू मळत असायचे. आवाज आला की त्यांचा अंगठा थांबायचा. "उंबराच्या पाण्यावर हाय," एवढंच म्हणायचे आणि पुन्हा मळायला लागायचे. मी आजही कधी तो आवाज ऐकला की हातातलं काम थांबवते.

भेकराचं मटण मी खाल्लंय, आणि आवडीनं खाल्लंय. आता हे लिहायला संकोच वाटतो, पण खोटं लिहायचं तर मग लिहायचंच कशाला? वर्षातून एखाद्या वेळी ते घरात यायचं. आई ते खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, वाटण लावून रटरटत ठेवायची, नाचणीच्या भाकरी थापायची, आणि बाराही घरांत वाटीवाटीनं जायचं. आमचं रान तेव्हा अभयारण्यात जाऊन बरीच वर्षं झाली होती. शिकार हा गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि सोडणं यांच्यामध्ये आमच्याकडे बरंच अंतर होतं.

हे मटण यायचं ते तात्यांमुळे. तात्या खालचे, महाळुंगे पडवळचे. चांगले बागायतदार, कांदा, बटाटा, ऊस. कधीकाळी आबा त्यांच्या मळ्यात विहीर खणायच्या कामाला गेले होते, तिथे दोघांचं जमलं. जमलं ते असं की तात्या दर वर्षी उंबरं पिकायच्या दिवसांत, थंडी सरता सरता, एसटीनं आमच्याकडे यायचे. येताना कांद्याचं पोतं, गुळाची ढेप आणि आईला चोळीचं कापड. जाताना आमचा रायभोग तांदूळ आणि बाळहिरडा. अंगानं भारदस्त, गळ्यात मफलर, बोलणं मळ्याच्या या बांधावरून त्या बांधाला ऐकू जाईल असं. खालच्या गावचा माणूस आमच्या चुलीपुढे मांडी घालून जेवतो, हे वाडीत इतर कुणाच्या घरी घडत नव्हतं. आबा त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत, पण तात्या यायचे त्या दिवशी ते धुतलेली बंडी घालायचे. तात्यांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची एकनळी बंदूक होती. ती ते सुटी करून घोंगडीत गुंडाळून आणायचे. बंदूक त्यांची, माग आबांचा, अशी ती वाटणी.

आबांनी उंबरावर पूर्वी एक कायमचं मचाण बांधलं होतं. उंबराखाली झऱ्याचं पाणी साठतं आणि पिकलेली उंबरं गळतात, ती खायला भेकर येतं. त्या पावसाळ्यानंतर फॉरेस्टच्या गार्डनं ते मचाण पाहिलं आणि तोडून खाली टाकलं. गार्ड मनुष्य वाईट नव्हता. आबांना वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "गंगाराम, या वेळी फक्त लाकडं तोडली. पुन्हा दिसलं तर माणूस धरीन." आबा उन्हाळ्यात त्याच्याच हाताखाली वणवा अडवायचे जाळपट्टे काढायच्या कामाला जायचे. त्यांनी मान हलवली.

तात्यांना आबांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता ते म्हणतील जाऊ दे. पण ते म्हणाले, "मग बांधायचंच नाय. न्यायचं, लावायचं, बसायचं, काढून आनायचं. सुटं मचाण पायजे आपल्याला." आणि पंधरा दिवसांत ते मंचरच्या एका वेल्डरकडून एक घडीचं लोखंडी मचाण करून घेऊन पुन्हा आले. एसटीच्या टपावरून ते उतरवताना कंडक्टरनं विचारलं होतं म्हणे, काय आहे. तात्यांनी सांगितलं, देवळातली घंटा टांगायचा सांगाडा.

त्या दिवशीचं आमचं अंगण माझ्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं आहे. जांभळीच्या बुंध्याशी तीन मचाणं मांडलेली. एक तात्यांचं. हिरव्या ऑइलपेंटचं, अँगलचं, बसायला पत्र्याची घडी, बुंध्याला वेढा द्यायला साखळी आणि सालीत रुतायला मागे दोन दात. दुसरं आबांचं. दोन लांब बांबू, त्यांना पायऱ्या, आणि वरच्या टोकाला घायपाताच्या दोरीनं विणलेली बैठक. शिडीसारखं झाडाला टेकवायचं आणि बांधायचं. ती बैठक मीच विणली होती, चार दिवस लागले होते. तिसरी आमची बाज. शेजारचा नाना सुचवत होता की हिचे पाय कापून हीच फांद्यांत टांगा. आई दारातूनच ओरडली, "माझ्या बाजेला कुनी हात लावला तर मी तिच्यावर त्यालाच टांगीन." अशी ती बाज शर्यतीतून बाद झाली.

"कौशी, चढ," आबा म्हणाले.

मी दोन्ही लावून पाहिली. लोखंडी एका माणसाच्या पाठीवर जात होतं, रानातून न्यायला सोपं, आणि पाच मिनिटांत लागत होतं. हे त्याचे गुण. पण साखळी खळखळायची, पत्रा अंग हलवलं की कुईं करायचा, आणि रंगाचा वास मला खालीसुद्धा येत होता, मग भेकराला किती येईल. बांबूचं लांबच लांब, कारवीच्या झुडपांत अडकणार, न्यायला दोन माणसं. मात्र एकदा बांधलं की त्यावर उठा, बसा, कूस बदला, आवाज नाही. मी अर्धा तास त्यावर बसून राहिले आणि खाली कोंबड्या माझी दखल न घेता फिरत होत्या.

मी खाली उतरून म्हणाले, "तात्या, बांबूचंच न्या. लोखंडीचे दात जांभळीच्या खरखरीत सालीत धरत्यात. उंबराची साल गुळगुळीत असती, तितं धरायचे न्हाईत."

तात्या मोठ्यानं हसले. "शिडी घिऊन शिकारीला जायचं व्हय? लोक म्हनतील, रंगारी निघालेत. अगं, लोखंड हाय ते! चार माणसं बसवून बघितलीत त्या वेल्डरनं."

"आबा, तुमी सांगा की," मी म्हणाले.

आबांनी लोखंडी मचाणाच्या दातावरून बोट फिरवलं. त्यांना कळलं होतं. मला त्यांचा चेहरा वाचता यायचा, जशी त्यांना जमीन. पण तात्या उत्साहानं आणलेली वस्तू सगळ्यांना दाखवत होते, पाव्हणे होते, आणि आबांनी आयुष्यात त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "तात्यांनी आनलंय तर तेच नेऊ." मला राग आला. तो राग बरेच दिवस टिकला, आणि तो मचाणाबद्दल नव्हता हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारची भाकरी खाऊन आम्ही तिघं निघालो. मला न्यायचं कारण, साखळी वर नेऊन अडकवायला चढणारं माणूस हवं होतं. रानात उन्हाचे कवडसे, वाळक्या पानांची चुरचुर, आणि पुढे आबा, मधे तात्या, मागे मी मचाण पाठीवर घेऊन. उंबराखाली पाणी इतकं नितळ की तळाची पानं मोजावीत. ताजे खूर उमटले होते. आबांनी दोन बोटं वर करून दाखवलं: दोन जनावरं, सकाळचीच. मी दोन पुरुष उंचीवर चढले, साखळीचा वेढा दिला, हुक अडकवला आणि मचाणावर जोर देऊन पाहिलं. दात सालीत जेमतेम बोटाच्या नखाएवढे रुतले. जिथे रुतले तिथून पांढरा चीक वाहायला लागला.

"तात्या, घसरतंय," मी वरून म्हणाले.

"तुझं वजन नाय म्हनून! मी बसलो की आपसूक रुतंल. उतर खाली."

मी उतरले. तात्या फांद्यांना धरत, धापा टाकत वर गेले. त्यांनी दोरी सोडली की आबा तिला बंदूक बांधून देणार होते. बंदूक अजून आबांच्या हातातच होती, रिकामी. हे एक बरं झालं. तात्या मचाणावर टेकले, पाय सोडून नीट बसले, आमच्याकडे बघून हसलेसुद्धा. मग त्यांनी मफलर सारखा करायला अंग जरा डावीकडे कलवलं. करकर असा एक आवाज, सालीची एक लांब पट्टी सोलली गेली, मचाण बुंध्यावरून हातभर खाली आलं आणि तिरकं झालं. तात्या त्यावरून निसटले. पडताना माणूस ओरडतो असं मला वाटायचं. ते ओरडले नाहीत. खाली मुळीवर त्यांची मांडी आपटली तो आवाज मात्र मी विसरलेले नाही.

त्यांचा उजवा पाय भलत्याच दिशेला वळला होता. चेहरा राखेसारखा. आबा त्यांच्या डोक्याशी बसले आणि मला म्हणाले, "पळ. बांबूचं घिऊन ये. मानसं आन." मी कशी पळाले ते पायांना ठाऊक. वाडीतून नाना, आणखी तिघं पुरुष आणि आई अशी सगळी निघाली. बांबूचं मचाण आडवं करून त्याच्या पायऱ्यांवर आईनं गोधडी घातली, विणलेल्या बैठकीवर तात्यांचं डोकं आलं. पाय दोन फळ्यांमध्ये आईनं आपल्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधला. चौघांनी खांदा दिला. कारवीतून, ओहोळातून, चढ-उतारावरून तळेघरपर्यंत. प्रत्येक धक्क्याला तात्या आबांचा हात दाबायचे, आणि आबा तसेच वाकून, त्यांच्या बाजूनं खेकड्यासारखे चालत राहिले. तळेघरला एक जीप मिळाली. जीप सुटायच्या आधी तात्यांनी आबांना जवळ बोलावलं आणि पुटपुटले, "कुनाला काय सांगू नको, गंगाराम."

"न्हाई सांगत," आबा म्हणाले.

घोंगडीत गुंडाळलेली बंदूक जीपमधून तात्यांबरोबर गेली, पण घाईत दोन गोष्टी राहिल्या. ते लोखंडी मचाण उंबरावरच लोंबकळत राहिलं, आणि तात्यांच्या खिशातून पडलेली दोन काडतुसं पाचोळ्यात. आबा दुसऱ्या दिवशी घोडेगावला दवाखान्यात होते. ते परत येऊन रानात जायच्या आत गार्ड तिकडून फिरला होता.

तो आला तेव्हा आम्ही जेवत होतो. हुलग्याचं माडगं आणि भाकरी. त्यानं ओट्यावर मचाण आपटलं, काडतुसं ठेवली आणि विचारलं, "कुणाचं हे?"

आबांनी हात धुतला. "माझं," ते म्हणाले.

"तुझं? तुझ्या बापजन्मात तू असलं वेल्डिंग करून घेतलंस? बंदूक कुठाय?"

"टाकून दिली."

गार्डनं काडतुसं उचलून खिशात टाकली. त्याला सगळं समजलं होतं. म्हातारा म्हणावा असा एक बागायतदार मांडी मोडून तळेघरहून खाली गेला, हे साऱ्या पट्ट्यात पसरलं होतं. तो म्हणाला, "गंगाराम, सोमवारी रेंज हापिसात यायचं. तिथं हेच बोललास तर मला तुला आत घालावं लागंल. दुसरं काही बोलायचं आसंल तर इचार कर." जाताना तो आईकडे बघून म्हणाला, "वहिनी, समजवा ह्याला."

आई समजावून थकली. आबांचं एकच, "शब्द दिलाय." खाली तात्यांच्या घरून नानाच्या हाती निरोप आला, तो त्यांच्या मुलाचा, विलासचा: तात्या देवदर्शनाला आले होते, पायरीवरून पाय घसरला, बाकी आम्हाला काही माहीत नाही. आबांनी ते ऐकून घेतलं आणि गोठ्यात निघून गेले. त्या रात्री आई माझ्या अंथरुणाशी येऊन बसली. "उद्याच्या गाडीनं खाली जा," ती म्हणाली. "माझ्या तोंडून त्या मानसापुढं शब्द फुटायचा न्हाई. तुझ्या फुटंल. आबांना सांगू नको."

मी तोवर एकटी मंचरच्या पुढे गेले नव्हते. आईनं फडक्यात पायलीभर रायभोग बांधून दिला. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. दोन गाड्या बदलल्या. सगळ्या वाटभर माझ्या डोक्यात आबा नव्हतेच, खरं सांगायचं तर. माझ्या डोक्यात साखळी होती. ती मी अडकवली होती. तात्या म्हणाले असते की पोरीनं नीट लावली नाही, तर मी काय बोलणार होते?

महाळुंग्यात स्टँडवर विचारत विचारत घर सापडलं. नवं, स्लॅबचं. बाहेर कांदा साठवायची लांबलचक बराख, त्या वासानं डोळे चुरचुरले. आत मोठा टीव्ही लावलेला, त्यात हिंदीत कुणीतरी रडत होतं. विलास उठून दारात आला. माझ्याएवढा नाही, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, लग्न झालेला. मी कोण ते कळल्यावर त्यानं आवाज खाली केला, टीव्हीचा आणि स्वतःचाही.

"तात्यांना तरास द्यायचा नाय," तो म्हणाला. "ते आधीच लई भोगतायत. आन् मला एक सांग, ती साखळी कुनी लावली व्हती?"

"मी," मी म्हणाले.

"मग?"

मी तांदळाचं गाठोडं छातीशी धरून तशीच उभी राहिले. तेवढ्यात आतून तात्यांचा आवाज आला, तोच, बांधावरून बांधाला जाणारा, फक्त फाटलेला. "कौशी हाय का? यिऊ दे तिला."

ते पलंगावर आडवे होते. पायाला वजनं लटकवलेली, दाढी वाढलेली. इतका मोठा माणूस असा खिळलेला पाहून मी पाठ केलेलं सगळं विसरले. मी नुसतं म्हणाले, "आबा म्हंतायत, मचाण त्यांचं. सोमवारी त्यांना नेनार हायेत."

विलास म्हणाला, "तात्या, तुमी यात पडू नका. गंगारामला चार दिवसांत सोडत्यात. तुमचा परवाना जाईल, केस व्हईल, ह्या वयात कोर्टाच्या पायऱ्या." त्याचं चुकत होतं असं मला आज वाटत नाही. माझे वडील तिथं पलंगावर असते तर मीही हेच बोलले असते.

माझ्या हाताला गाठोड्याची गाठ रुतायला लागली. मग तात्या म्हणाले, "विलास, कागद आन. लिही."

"मी नाय लिहिनार."

"बरं." ते माझ्याकडे वळले. "तुला येतं ना लिहायला? का इंग्रजीसंगं मराठीबी गेलं?"

मी खाली फरशीवर बसले. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. बंदूक माझी. मचाण माझं. शिकारीला जायचा हट्ट माझा. गंगाराम मला वाट दाखवायला होता, त्याची मुलगी सुटं मचाण घसरेल असं सांगत होती, मी ऐकलं नाही. जनावर मारलं नाही. इथवर आल्यावर मी थांबले आणि विचारलं, "साखळी मी अडकवली व्हती, ते लिहू?"

"साखळी नीट व्हती," तात्या म्हणाले. "झाड गुळगुळीत व्हतं आन् मी बहिरा. लिही ते. न्हाई, नको लिहू. कोर्टाला काय करायचंय त्याचं." त्यांनी सही केली. झोपून केल्यामुळे ती वर चढत गेली. विलासनं कागद माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, फाडतोय. त्यानं तो वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "सोमवारी मीच नेऊन देतो. तू गाडी गाठ." त्याच्या बायकोनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी आणि वरून तुपाची धार. मला एक घास गिळवत नव्हता आणि मी तीन भाकरी खाल्ल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. तात्यांची बंदूक जमा झाली, परवाना गेला. दोघांवर केस झाली, तारखा पडल्या. तात्या कुबड्या घेऊन यायचे, आबा डोंगरावरून चालत. जनावर मेलं नव्हतं म्हणून निभावलं. आबांना दोन उन्हाळे जाळपट्ट्याचं काम मिळालं नाही, ते दोन उन्हाळे आम्ही हिरड्यावर काढले. पुढे कित्येक वर्षांनी खाली उसात बिबटे शिरले, महाळुंग्यात लोक दिवस मावळला की दारं लावून घ्यायला लागले. तात्यांकडे तेव्हा बंदूक नव्हती. त्यांनी त्याबद्दल आमच्याजवळ कधी हूं की चूं केलं नाही.

पण मला जड गेले ते खालून परतल्यानंतरचे आठ दिवस. आबा माझ्याशी बोलले नाहीत. आईशी बोलायचे, बैलांशी बोलायचे, माझ्या हातची भाकरी खायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. नवव्या दिवशी मी गोठ्यात शेण भरत होते, तिथे ते येऊन उभे राहिले.

"मी माझं म्हनलो व्हतो," ते म्हणाले. "तू मला खोटं पाडलंस."

"खोटंच व्हतं ते, आबा."

त्यांनी बैलाच्या पाठीवरचं गवत काढून टाकलं, आणखी एक काडी काढली. "अंगणातच बोलायला पायजे व्हतं मी," ते म्हणाले. "दात बघितले तवाच. एक मानूस मोडला माझ्या गप्प बसन्यानं." आणि माझ्या हातातली पाटी घेऊन ते उकिरड्याकडे गेले. माझ्या वडिलांनी माझ्यापाशी एवढं मोठं बोलणं आयुष्यात पुन्हा केलं नाही. त्या जूनमध्ये मी इंग्रजीचा फॉर्म भरला. आबाच माझ्याबरोबर घोडेगावला आले आणि परीक्षेच्या तीन तासांत शाळेबाहेर उन्हात बसून राहिले.

तात्या पुन्हा आमच्याकडे आले ते दीड वर्षानं. पाय आखूड झाला होता, हातात काठी होती. आबा तळेघरला आणायला गेले होते. दोन पोरं घेऊन जा, उचलून आणा, असं नाना म्हणत होता. पण तात्यांनी स्टँडवरच सांगितलं म्हणे, मला उचलायचं नाय, मी चालनार. पाऊण तासाच्या वाटेला दोघांना सारी सकाळ लागली. आम्ही ओट्यावरून पाहत होतो. दहा पावलं चालायचे, थांबायचे, आबा कुठलं तरी झाड दाखवल्यासारखं करायचे, पुन्हा दहा पावलं. वाट एका माणसापुरती, तरी आबा कडेच्या गवतातून त्यांच्या शेजारी चालत होते.

आईनं रायभोगाचा भात, खेकड्यांचा रस्सा आणि खुरासणीची चटणी केली होती. तात्यांना आता मांडी घालता येत नव्हती. मी त्यांना पाट दिला, पाय लांब करायला जागा केली. पहिला घास घ्यायच्या आधी ते थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कौशी, एक सांगू? त्या दिवशी तू आली नसतीस तर मी बोललो असतो का, ह्याचा मी लई इचार केला. पडल्या पडल्या दुसरं काम काय व्हतं. पर मला अजून ठरवता येत न्हाई."

चुलीतलं लाकूड तडतडलं. मला आबांकडे बघायचं धाडस होईना.

आबांनी वाडगा उचलला आणि तात्यांच्या भातावर रस्सा वाढला, भरपूर, पानाबाहेर जाईल इतका.

"जेवा तात्या," ते म्हणाले. "भात निवतोय."